महिपतीचं नाइस

एका गावात एक भोळा महिपती होता. भोळा हे आपलं त्याची आई म्हणायची. गावाकडे त्यासाठी याहून नेमके शब्द होते. लग्नाचं वय टळत चाललं होतं आणि सोयरीक जमत नव्हती, कारण मुलगी बघायला गेला की हा तोंड उघडायचा.

आता रत्नमालेचं स्थळ आलं होतं. तिला जत्रेत पाहिल्यापासून महिपतीला दुसरं काही सुचत नव्हतं. ही हातची गेली तर आपण संपलो, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण तिचे वडील शिंगटे पोस्टातून निवृत्त झालेले, आणि जावयाला थोडं तरी इंग्रजी यावं ही त्यांची अट. त्यांना स्वतःला किती येतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

महिपतीचा गजाबामामा पुण्यात हॉटेलात टेबलं पुसून आला होता, म्हणजे गावच्या मानाने विद्वानच. त्याने सांगितलं, सगळी इंग्रजी लागत नाही, एक शब्द पुरतो. नाइस. चहा गोड, तर नाइस. हवा गार, तर नाइस. माणूस सज्जन, लुगडं जरीचं, म्हैस दुधाची, सगळ्याला नाइसच. साहेबाने एवढं राज्य केलं ते याच एका शब्दावर, असंही त्याने ठोकून दिलं.

"डोळ्याला बरं दिसलं की म्हनायचं," मामा म्हणाला. "बाकी तोंड मिटायचं."

महिपती सरावाला बाहेर पडला. नेमकी तेव्हाच तात्या थोरातांची कडब्याची गंजी पेटली. केशरी, पिवळ्या ज्वाळा आभाळाला भिडल्या. डोळ्याला बरंच दिसत होतं. तात्या बादली घेऊन धावत होते, त्यांच्या वाटेत उभा राहून महिपती म्हणाला, "नाइस." तात्यांनी ती बादली त्याच्या पाठीत घातली.

मामाने हळद लावता लावता समजावलं, की माणसं रडतात तिथं नाही म्हणायचं, हसतात तिथं म्हणायचं. महिपतीला ते पटलं. त्याला सगळंच पटायचं. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर भाषणाला उठताना सरपंचांचं धोतर सुटलं आणि सगळी सभा हसली. महिपती पुढे गेला, नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "नाइस." पुढचं सांगण्यासारखं नाही.

"आरं बाबा, कुनी पाटावर बसवून जेवू घातलं, तर म्हन," मामा काकुळतीला येऊन म्हणाला. "आन् उठताना हात धरून म्हन, असाच योग लवकर पुन्हा येवो. ह्यात तरी काय चुकायचं न्हाई."

मामाला भाच्याची ताकद अजून कळली नव्हती. त्याच आठवड्यात आण्णा भिलाऱ्यांच्या वडिलांचं तेरावं होतं. महिपतीला पाटावर बसवलं, लाडू वाढले. तो पोटभर जेवला, नाइस म्हणाला, आणि उठताना आण्णांचा हात धरून म्हणाला, "असाच योग लवकर पुन्हा येवो." आण्णांची म्हातारी आई दाराशीच बसली होती. ती त्याच्याकडे बघतच राहिली. या वेळी मारायला घरचे होते आणि पाहुणेही होते.

मामाने कपाळाला हात लावला. नाइस हा शब्द त्याने सरळ परत घेतला आणि दुःखाच्या घरी कसं वागायचं, तेवढंच शिकवलं. माणसं ओळीनं बसलेली असतात. बाईमाणसाची मान खाली असते. कुणी मोठ्यानं बोलत नाही. अशा घरी म्हणायचं, देवापुढं कुणाचं चालत नाही, धीर धरा. निघताना येतो म्हणायचं नाही, आणि घरी जाऊन आधी आंघोळ करायची. महिपतीने घोकून घोकून हे पाठ केलं.

मुलगी बघायचा दिवस आला. शिंगट्यांनी दारातच नाइस वेदर म्हणून स्वागत केलं, मग खुर्ची नाइस, पोहे नाइस, स्वतःचं घरही नाइस. भाच्याने नुसती मान डोलवली तरी भागेल, असं वाटून मामा सैल बसला.

मग रत्नमाला आली. पाटावर बसली. तिची मान खाली होती. पाहुणे ओळीनं बसले होते. कुणी बोलेना. महिपतीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. एवढ्या नाकीडोळी नीटस मुलीच्या घरी हे काय होऊन बसलं, म्हणून त्याचे डोळे खरोखर भरून आले.

"मग, मुलगी कशी वाटली?" शिंगट्यांनी विचारलं.

महिपती उठला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवापुढं कुनाचं चालत न्हाई. धीर धरा."

मामाने डोळे मिटून घेतले. शिंगट्यांना वाटलं, आपलंच काही ऐकण्यात चुकलं. त्यांनी घसा साफ केला.

"म्हणजे, पुढचं काय ठरवलंय तुम्ही?"

"फुडं काय," महिपती चपला घालत म्हणाला. "घरी जाऊन डोक्यावरनं आंघोळ."

आणि तो पायऱ्या उतरला. येतो म्हणायची चूक मात्र त्याने केली नाही.