देव बसेल असा चौरंग

“अक्का, यावर देव बसेल ना?”

नातीचा ताप उतरावा म्हणून मी लाख वातींचा नवस बोलले होते. ताप उतरला, दुसऱ्याच दिवशी मी कापूस आणला. वाती वळायच्या त्या मौनात. म्हणून त्या दिवशी कऱ्हाडच्या मठात अक्कांशेजारी बसून मी नुसतं ऐकत होते.

विचारत होते श्रीनाथराव दाबके, अक्कांचे जुने शिष्य. ते पाटावर बसलेले. समोर बुटकं चिनी टेबल, जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानं पसंतीला दिलेलं. काळसर लाकूड, हात फिरवावा तर निसटून जाईल इतकं गुळगुळीत.

“दीडशे वर्षांचं आहे. एक खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवलंय नुसतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

“मागचा सागवानी चौरंग काय झाला?”

“त्याला गाठ होती.”

“आणि तो चांदीचा पत्रा मारलेला?”

“आतलं लाकूड हलकं निघालं.”

अक्कांनी कपाळाला हात लावला.

“अरे, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी आईनं सत्यनारायण बोलला. तू हिंडूफिरू लागलास, तिनं अंथरूण धरलं. तुझा चौरंग मेला अजून ठरतोच आहे.”

“आईचा नवस आहे, अक्का. कसातरी उरकायचा का?”

अक्का उठल्या. तांब्याचा कलश काठोकाठ भरून आणला. बुडावरून पाणी ठिबकत होतं. टेबलावर ठेवायला त्या वाकल्या.

श्रीनाथरावांनी माझ्या कापसाखालचं वर्तमानपत्र खसकन ओढलं आणि कलशाखाली सारलं. वळलेल्या वाती सगळ्या भुईवर. मौन होतं म्हणून बरं.

“हे काय?”

“डाग पडेल, अक्का.”

“हं...”

“म्हणजे, अजून विकत घेतलेलं नाही ना. परत द्यायची वेळ आली तर...”

“आणि विकत घेतल्यावर?”

कलश कागदावरच होता. कागद हळूहळू भिजत चालला. श्रीनाथरावांचा डोळा त्या ओलीवरून हलेना.

“ऊठ.”

ते उठले. अक्कांनी त्यांच्या बुडाखालचा पाट उचलला. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं त्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. पदरानं पुसून त्यांनी तो श्रीनाथरावांच्या हातात दिला.

“यावर? अहो, यावर तर आत्ता मी बसलो होतो.”

“म्हणून तर पुसला.”

“पण अक्का...”

अक्का खाली बसल्या. भुईवरच्या वाती एकेक करून माझ्या ओंजळीत टाकू लागल्या. श्रीनाथरावांकडे न बघता म्हणाल्या,

“हिनं नवस बोलला, फेडायची वेळ आली, दुसऱ्या दिवशी कापूस आणला. तूही तसंच कर, बाबा. आई अजून उठून बसते आहे.”