दुपारची ओली पावलं

पुष्कळ वर्षांमागे, राजेरजवाड्यांच्या काळात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर मोठं तळं होतं. तळ्याचा दगडी बांध जुना झाला, तेव्हा राजाने गाड्या भरभरून चुना पाठवला आणि दुरुस्तीचं काम गावच्या पाटलावर सोपवलं.

काम झालं. नारळ फुटला. त्याच उन्हाळ्यात पाटलाचं नवं दुमजली घरही उभं राहिलं.

भाद्रपदात, भर दुपारी, बांध फुटला. खाली ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, गुरांना पाणी पाजणारी माणसं, मिळून सात जीव वाहून गेले. त्यांत येसाई कुंभारणीचा एकुलता एक मुलगा होता.

पाटील डोळे पुसत म्हणाला, "देवाचा कोप! माणसाच्या हाती काय आहे?"

लोकांनी माना डोलावल्या. पाटलाला उलट कोण विचारणार?

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी फुटक्या बांधापासून ओली पावलं उमटू लागली. चालणारं कुणीच दिसत नव्हतं. सुकलेल्या वाटेवर एकामागून एक पाऊल उमटत गेलं, पाटलाच्या उंबऱ्याशी आलं आणि थांबलं. सात माणसांची पावलं. एकही कुत्रं भुंकलं नाही.

येसाई वाटेत खाली बसली. एका पावलावर तिने तळहात ठेवला. "हा माझा राघू," ती म्हणाली. "माती तुडवून तुडवून त्याची टाच अशी पसरली होती."

रोज दुपारी हेच होऊ लागलं. पाटलाने अंगण सारवलं, मांत्रिक आणला, दाराला बिब्बा बांधला. पावलं येतच राहिली. गाव मात्र दारं लावून गप्प बसलं.

आठव्या दुपारी पावलं पाटलाकडे गेलीच नाहीत. ती घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्याशी गार पाण्याचं थारोळं साचलं.

लोक येसाईकडे धावले. "आजी, आम्ही काय केलं गं?"

"काहीच केलं नाही," येसाई म्हणाली. "म्हणूनच आलीत."

तेव्हा कुठे सारं गाव चावडीवर जमलं आणि पाटलाला बोलावणं गेलं. येसाईने फुटक्या बांधाच्या दगडांमधलं ढेकूळ परातीत ठेवून वर पाणी ओतलं. ते पार विरघळलं. मग पाटलाच्या भिंतीचा टवका ठेवला. तो तसाच राहिला.

"पाटील, माझा जन्म मातीत गेलाय. बांधात नुसता चिखल आहे. चुना कुठं गेला?"

पाटलाने सगळ्यांकडे पाहिलं. आज एकही मान खाली नव्हती.

"आधी एकच गाडी घरी नेली," तो पुटपुटला. "कुणी विचारलं नाही. मग दुसरी नेली. मग... मोजायचंच सोडलं."

पाटीलकी गेली. घर पाडून त्याचा दगड बांधाला लागला. चुना पाटलानेच कालवला, हाताची सालटं निघाली तरी. येसाई रोज समोर येऊन बसे.

नवा पाटील निवडताना गावाने अट घातली, "पाटलाने बांधाच्या पायथ्याशी, पाण्याच्या वाटेवरच राहायचं."

पाटीलकी मागायला आलेले तिघे उठून गेले. चौथा बसून राहिला. गावाने त्यालाच पाटील केलं. त्यानंतर ओली पावलं पुन्हा उमटली नाहीत.

तात्पर्य: ज्याच्या हाती सत्ता दिली त्याला जाब विचारला नाही, तर त्याच्या पापात आपलाही वाटा पडतो.