कप्तानाच्या लेकीचा शेवगा

ठण्… ठण्… ठण्. जमिनीत उतरणाऱ्या लोखंडी मेखेवर घण पडल्याचा तो आवाज सुदामने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. जत्रेच्या माळावर सिनेमाचा तंबू उभा राहत होता. पुढच्या आयुष्यात त्याने पुष्कळ आवाज ऐकले आणि बरेचसे विसरला. पण कुठे लोखंडावर लोखंड वाजले की पन्नाशीला टेकल्यावरही त्याचे हातातले काम क्षणभर थांबे आणि मन म्हणे, आला, पुढचा भाग आला.

त्या तंबूत एक गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाळा तिसरीपर्यंत. परदेशी बोलपट लागला की पडद्याच्या कडेला स्टुलावर बसून माईकमधून आपल्या भाषेत गोष्ट सांगायची, हे त्यांचे काम. पडद्यावरची माणसे काय बोलतात ते गावात कुणालाच कळत नसे. खरे तर अण्णांनाही कळत नसे. ते चेहरे बघत आणि सांगत. "घाबरलाय, पण दाखवत नाही." "हिला त्याचं पटलेलं नाही." एवढेच, मोजके. आणि गाव म्हणे, अण्णांना विलायती येते.

त्या वर्षी तंबूत आभाळात फिरणाऱ्या जहाजाचा बोलपट आला. त्यात एक कप्तान होता. सुरुवातीलाच काचेच्या दाराशी एक मुलगी उभी असते, कप्तान तिच्या डोक्यावर हात ठेवतो, काहीतरी बोलतो आणि जहाजात चढतो. त्या जागी अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "लेकीला सांगतोय, दारात शेवगा लाव. त्याला शेंगा लागायच्या आत मी माघारी येतो."

समोर वाळूत मांडी घालून सुदाम बसला होता. त्याचे वडील त्याच वर्षी आखातात, मालाच्या बोटीवर कामाला गेले होते. गावाला ते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सुदामने शेजारच्या परसातून शेवग्याची एक फांदी मागून आणली आणि आपल्या दारात रोवली.

शेवग्याला फार काही करावे लागत नाही. फांदी रोवली की फुटते. फांदी फुटली. वडिलांची दोन पत्रे आली. मग पत्रे थांबली. आईने चौकशी केली, मग तीही थांबली. पण तंबू दर वर्षी येत राहिला आणि तीन-चार वर्षांनी एकदा त्यात कप्तानाचा पुढचा भाग येई. पडद्यावर कप्तान कुठल्या कुठल्या ग्रहांवर लढत असे, आणि मधेच, थोडी शांतता मिळाली की, अण्णा सांगत, "तिकडं शेवगा भिंतीएवढा झाला." त्याच्या पुढच्या भागात सांगत, "शेवगा कौलाएवढा झाला." बाजारात अनोळखी बाया त्यांना अडवून विचारत, "अण्णा, त्या पोरीच्या शेवग्याचं काय झालं हो?"

खेळ सुटला की सुदाम तंबूच्या मागच्या बाजूला जाई. बोलून बोलून बसलेल्या घशाला अण्णा तिथे कोमट पाणी देत बसलेले असत.

"अण्णा, आता पुढं?"

"पुढच्या खेपेला," अण्णा म्हणत.

एवढेच संभाषण. पण त्यावर मुलाची तीन-तीन वर्षे निघत.

सोळाव्या वर्षी सुदाम त्यांचा शिष्य झाला. जत्रेच्या दिवसांत तंबूबरोबर फिरू लागला, माईक कसा धरायचा, कुठे थांबायचे ते शिकला. अण्णांची शिकवण एका वाक्याची होती. "दिसतंय ते सांगू नको, बघणाऱ्याला डोळे आहेत. त्याच्या मनात काय अडकलंय ते बघ, आणि तेवढं सोडव."

चौथा भाग आला तेव्हा अण्णांनी सांगितले की शेवग्याला शेंगा लागल्या, वाळल्या, पुन्हा लागल्या, आणि लेक दाराशी बसून आहे. कप्तान मात्र अजून वाटेत होता. त्या वर्षानंतर तंबू बंद पडला. घरोघरी टीव्ही आला होता. कापड विकले गेले, मेखा भंगारात गेल्या. अण्णा शेजारच्या गावी पुतण्याकडे राहू लागले आणि सुदाम कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करू लागला. त्याचे नाव झाले. पैलवान खाली असताना तो कमी बोले, ही त्याची ख्याती होती.

दारचा शेवगा तेवढा वाढत राहिला. सुदामने त्याला कधी कुऱ्हाड लावू दिली नाही. वादळात एकदा मोडला तर त्याचीच फांदी त्याच जागी रोवली. आता तो घराच्या कौलावरून पार वर गेला होता आणि शेंगा शेंड्याला, कुणाच्या काठीलाही लागणार नाहीत अशा. तिथेच त्या पिकत, वाळत, वाऱ्याने खडखडत.

"दारात एवढं झाड, आणि मी शेंगा बाजारातून आणते," त्याची बायको कलावती म्हणे. "भाजीवाली हसते मला."

"सावली पडते ना पण."

"शेवग्याची सावली. मुंगीला पुरेल."

 सुदामचे वडील बोटीवर गेल्याला छत्तीस-सदतीस वर्षे झाली होती. आई वारूनही दहा वर्षे झाली होती. झाड का तोडू देत नाही हे त्याला कुणी नीट विचारले असते तर नीट सांगताही आले नसते.

आणि मग पंचवीस वर्षांच्या खंडानंतर बातमी आली, कप्तानाचा पाचवा भाग निघाला आहे आणि तो शेवटचा आहे.

सुदाम अण्णांना न्यायला गेला. अण्णा ऐंशीच्या पुढे गेले होते. "मला काय कळणार त्यातलं," ते म्हणाले.

"तुम्हाला तेव्हा तरी कुठं कळत होतं?"

अण्णा हसले आणि त्यांनी टोपी घातली.

तालुक्याच्या गावी, दुपारच्या खेळाला, थंडगार सभागृहात दोघे शेजारी बसले. बोलपट आता हिंदीत बोलत होता. गोष्ट सांगायला कुणी लागत नव्हते. कप्तानाचे काम करणारा नट म्हातारा झाला होता म्हणून त्याचा चेहरा यंत्राने तरुण केला होता. गालावर सुरकुती नव्हती आणि डोळ्यांत कुणी नव्हते. नवी पोरे जहाज चालवत होती, विनोद करत होती. पावणेतीन तास पडद्यावर काही ना काही फुटत होते. आणि अखेरीस कप्तानाने त्या पोरांना सांगितले की त्याला कधीच घर नव्हते. काचेच्या दारातली ती मुलगी म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे एक यंत्र होते, नुसते मुलीच्या रूपात घडवलेले. एवढे सांगून त्याने जहाज एका सूर्यात घातले. पडदा पांढरा झाला. दिवे लागले.

मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "एवढी वर्षं थांबवून हे दाखवलं." त्याचा मित्र हसला आणि दोघे मक्याचे कणीस खायला गेले. सुदाम बसून राहिला. झाडूवाली बाई त्यांच्या रांगेपर्यंत आली तेव्हा अण्णांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवले.

एसटी तालुक्याच्या बाहेर पडली तेव्हा सुदामने तोंड उघडले.

"अण्णा, ती लेक नव्हती."

"हं."

"त्याला घरच नव्हतं."

"ऐकलं मी."

"वाईट काढलाय शेवटचा भाग."

"वाईटच काढलाय," अण्णा म्हणाले. "ती खिडकी लाव जरा. वारा लागतोय."

त्या रात्री अण्णा सुदामच्याच घरी राहिले. सकाळी चहा झाला तसे ते कलावतीला म्हणाले, "पोरी, घरात कुऱ्हाड आहे का गं?" तिला वाटले काही फोडायचे असेल. तिने आणून दिली. अण्णा शेवग्याजवळ गेले, झाडाला एकदा हात लावला आणि आपल्या छातीएवढ्या उंचीवर त्यांनी घाव घातला.

शेवग्याचे लाकूड मऊ. म्हाताऱ्या हातांनीही घाव आत गेला. दुसरा घातला. आवाज ऐकून सुदाम धावत आला आणि त्याने कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"अण्णा, हे काय करताय?"

"दिसतंय की तुला."

"सगळ्या जगानं तोडला असता तर चाललं असतं. तुम्ही? तुमच्या तोंडच्या शब्दावर लावलाय हा मी."

"म्हणून तर मी," अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. ते ओट्यावर बसले. कलावती दारात येऊन उभी राहिली. सुदामच्या हातात कुऱ्हाड तशीच होती.

"पहिल्या दिवशी," अण्णा सावकाश बोलू लागले, "कप्तान त्या पोरीला काय बोलला ते मला कळलं नाही. समोर तू बसला होतास. तुझा बाप बोटीवर गेलाय हे मला कुणीतरी दुपारीच सांगितलं होतं. तुझ्याकडं बघून माझ्या तोंडून ते निघालं, की येतो म्हणून. ते तुझ्यासाठी होतं, एका संध्याकाळपुरतं. पण दुसऱ्या गावात लोक शेवग्याचं विचारायला लागले. तंबू भरायला लागला. मग भिंतीएवढा झाला, कौलाएवढा झाला, हे मी तंबूसाठी बोललो. तुला दोन्ही एकच वाटलं. तुला कसं वेगळं कळणार."

सुदामने कुऱ्हाड खाली टेकवली.

"कालचा भाग वाईट होता. पण तू त्यासाठी बसून राहिला नव्हतास. यापुढं भाग नाही, म्हणून उठवत नव्हतं तुला. समज, चांगला काढला असता. कप्तान घरी आला असता. मग तू इथं येऊन या झाडाखाली उभा राहिला असतास, आणि कोण येणार होतं?"

वर शेंड्याला वाळल्या शेंगा खडखडल्या.

"मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, सुदाम. शेवगा आभाळाकडं वाढवत नाहीत हे मला ठाऊक होतं. छातीएवढा तोडायचा असतो. मग तो चहूबाजूंनी फुटतो आणि शेंगा हाताला येतात. मी एकदा तरी माईकमधून म्हणायला हवं होतं, की लेकीनं एक दिवस झाड तोडलं, शेंगांची आमटी केली आणि ती जेवली. कप्तानाचं राहू दे, तो वाटेत आहे. लेक जेवली. एवढं म्हणायचं राहिलं माझं. अडकलेलं सोडव म्हणून तुला शिकवलं, आणि तुझंच अडकवून ठेवलं."

 रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. सुदामने झाडावरच्या दोन घावांकडे पाहिले. एक सरळ होता, एक जरा तिरका. मग त्याने पाय रोवले आणि तिसरा घाव घातला. फार वेळ लागला नाही. झाड अंगणात आडवे पडले आणि इतकी वर्षे डोक्यावर राहिलेला त्याचा शेंडा सुदामच्या पायाशी आला. पाने किती बारीक होती हे त्याने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. वाळलेल्या शेंगांच्या मधूनमधून हिरव्या, कोवळ्या शेंगाही होत्या, बोटाएवढ्या जाड.

"या आजच्या आज करायला हव्यात," कलावती म्हणाली.  "अण्णा, तुम्ही जेवून जायचं."

"पुतण्या न्यायला येतोय वेशीवर. पुढच्या…" अण्णा बोलता बोलता थांबले. "नाही. आज तुम्हीच खा."

ते उठले, त्यांनी चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले. वेस दोन पावलांवर होती, तरी ते उभे राहिले. तंबूच्या मागे, पाण्याचा तांब्या हातात घेऊन, एक प्रश्न यायचा म्हणून थांबत तसे.

सुदामच्या ओठांवर तो प्रश्न आला होता, आता पुढं? त्याने अण्णांच्या पाठीकडे पाहिले. मग तो खाली बसला, कोवळ्या शेंगा एकेक तोडून कलावतीच्या पदरात टाकू लागला.

अण्णांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग फाटक हळूच लोटून ते चालू लागले.