भैरू पैलवान गादीवर जातो

एका गावात भैरू नावाचा एक पैलवान राहायचा. अंगाने दांडगा, मनाने भोळा. "जरा थांब" म्हणून सांगितलं, की पुन्हा "चल" म्हणेपर्यंत तिथेच उभा राहायचा. एकदा तर त्याची आई त्याला बाजारात "थांब" म्हणून गेली आणि विसरून घरी आली. संध्याकाळी बाजार उठला. भैरू उठला नाही.

त्या गावात केरबा वस्तादांची तालीम होती. सकाळी मुली यायच्या, संध्याकाळी मुलगे. तालमीत लाल माती होती, गादी नव्हती. आणि हल्ली मोठ्या कुस्त्या सगळ्या गादीवर होतात. वस्ताद गोधड्या अंथरायचे, वर पोती पसरायचे आणि त्यावर चुन्याने गोल काढायचे. पोती सरकायची आणि मुलांची कोपरं सोलून निघायची. दर वर्षी तालमीची मुलं स्पर्धेला जायची आणि पहिल्याच फेरीत परत यायची.

त्या वर्षी साखर कारखान्याचे चेअरमनसाहेब वस्तादांना म्हणाले, "केरबा, तालुक्याला आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्त्या हायत. तुझं एक पोरगं पहिलं येऊ दे. मी माझ्या हातानं पदक घालतो आणि तिथंच तुझ्या तालमीला गादी जाहीर करतो."

वस्तादांना रात्रभर झोप आली नाही. सगळ्यात ताकदवान पोरगा एकच होता. आणि तो भैरू होता.

स्पर्धेच्या ठिकाणी दोन गाद्या शेजारी शेजारी टाकल्या होत्या. वस्ताद भैरूला म्हणाले, "हे बघ, मातीत चितपट केलं की झालं. इथं गुण मोजत्यात. त्या गोलाबाहेर पाय गेला, की समोरच्याला एक गुण. काय बी होऊ दे, बाहेर पाय टाकायचा न्हाई."

"न्हाई टाकत, वस्ताद."

पहिली कुस्ती भैरूने लगेच जिंकली. पंचांनी त्याचा हात वर केला. समोरचा पैलवान निघून गेला. भैरू तिथेच राहिला. पुढच्या कुस्तीचे दोघे आले, तरी भैरू तिथेच.

"अरे, बाहेर हो," पंच म्हणाले.

"जमायचं न्हाई. बाहेर पाय टाकला तर समोरच्याला गुण जाईल."

"समोरचा कधीच गेला! तुझी कुस्ती संपली!"

"मग ह्या दोघांतल्या एकाला जाईल. कशाला फुकट द्यायचा?"

शेवटी चार स्वयंसेवकांनी त्याला उचलून बाहेर नेलं. भैरूने दोन्ही पाय पोटाशी घेतले होते. चुकून कुठे टेकायला नकोत.

वस्ताद म्हणाले, "अरं येड्या, कुस्ती संपल्यावर कोण गुण मोजतंय? ऐक. शेवटची शिट्टी वाजली की समोरच्याचा हात हातात घ्यायचा, पंचांचा हात हातात घ्यायचा, आणि गप बाहेर यायचं."

"असं व्हय. बरं."

दुसऱ्या कुस्तीत भैरूने समोरच्याला सरळ खांद्यावर उचललं. आता फक्त पाठीवर टाकायचं होतं. लोक उभे राहिले. तेवढ्यात शेजारच्या गादीवर शिट्टी वाजली. तिथली कुस्ती संपली होती.

भैरूने खांद्यावरच्या पैलवानाचा हात शोधून हातात घेतला. पंचांचा हात हातात घेतला. आणि गप बाहेर आला. पैलवान खांद्यावरच होता.

"अरे, मला कुठं न्हेतोस?" पैलवान ओरडला.

"बाहेर. वस्तादांनी सांगितलंय."

"मला पण?"

भैरूने विचार केला. "तुझं काय बोलले न्हाईत."

पंचांनी दोघांना परत आणलं. भैरूला ताकीद मिळाली आणि समोरच्याला एक गुण मिळाला. मग भैरूने त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं, आणि या वेळी कुठेच शिट्टी वाजली नाही. भैरू अंतिम फेरीत गेला.

वस्तादांनी डोक्याला हात लावला. "कुस्ती चालू असताना निघून जात्यात व्हय? गादीवर नुसता उभा राहिलास तरी चालत न्हाई. पंच म्हणतो, हा गडी लढत न्हाई. मग अर्ध्या मिनिटाचं घड्याळ लावतो. तेवढ्यात गुण काढला न्हाईस तर समोरच्याला गुण. उद्या मला उभा राहिलेला दिसू नकोस. सारखं अंगावर जायचं!"

"सारखं अंगावर. बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं. अंतिम फेरीच्या पैलवानांचं दोन्ही दिवशी वजन करतात. भैरू काट्यावर चढला आणि उड्या मारायला लागला.

वजन घेणारे सर म्हणाले, "नीट उभा राहा रे. आकडा थांबत नाहीये."

"उभं राह्यचं न्हाई. समोरच्याला गुण जाईल."

"समोर कोण आहे इथं?"

भैरूने समोर बघितलं. "तुमी."

मग तो अंगावर गेला. त्याने सरांना कमरेला धरून काट्यावर ओढलं. आकडा थांबला तेव्हा दोघांचं मिळून एकशे चाळीस किलो भरलं. भैरूचा गट चौऱ्याहत्तरचा होता.

वस्तादांनी सरांची माफी मागितली. चष्माही शोधून दिला. मग भैरूला दोन्ही हातांनी धरून काट्यावर उभं केलं आणि हात कधी काढायचे ते सरांना विचारून काढले.

अंतिम कुस्तीच्या आधी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "भैरू, लेकरा, ही एकच राहिली. आज असं आंधळं अंगावर जायचं न्हाई. समोरचा गडी हुशार हाय. तो मानेवर दोन्ही हात टाकून मग डाव करतो. त्याचे हात मानेकडं आले, की खाली बस. दोन्ही पाय धर, उचल आणि पाठीवर टाक. खांदे टेकले तरी सोडू नको. पंच गादीवर हात आपटतो. तो आपटेपर्यंत दाबून धर. कोण काय बी म्हणू दे."

"हात मानेकडं आले, की," भैरू म्हणाला.

"बरोबर."

शिट्टी झाली. भैरूने मान पुढे काढली आणि तो समोरच्याकडे चालायला लागला. समोरचा खरंच हुशार होता. त्याने आजवर असा पैलवान बघितला नव्हता. हा मान पुढे करतोय म्हणजे नक्की काहीतरी मोठा डाव आहे, असं त्याला वाटलं. तो मागे सरकला. भैरू मान घेऊन पुढे गेला. तो आणखी मागे सरकला आणि त्याचा पाय गोलाबाहेर गेला. भैरूला एक गुण.

"भिडा, भिडा!" पंच त्या हुशार पैलवानाला म्हणाले.

"त्याला आधी मान आत घ्यायला सांगा," तो म्हणाला.

पंचांनी घड्याळ लावलं. अर्धं मिनिट गेलं. भैरूला आणखी एक गुण. शेवटपर्यंत भैरू मान घेऊन फिरत राहिला आणि हुशार पैलवान त्याच्यापासून लांब पळत राहिला. मानेला कुणी हात लावला नाही. भैरू जिंकला.

केरबा वस्ताद लहान मुलासारखे रडले. तालमीच्या मुली बाकावर चढून ओरडत होत्या. त्या आनंदात, कुस्ती आता संपली, डाव विसर, एवढं भैरूला सांगायचं राहून गेलं.

व्यासपीठावर चेअरमनसाहेब उभे होते. डोक्याला फेटा, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. माईकवाला म्हणाला, "आता साहेब पदक प्रदान करतील आणि एक महत्त्वाची घोषणा करतील."

साहेब हसले. त्यांनी पदकाची फीत दोन्ही हातांत धरली. आणि दोन्ही हात भैरूच्या मानेकडे नेले.

भैरू खाली बसला.

फेटा एकीकडे गेला आणि माईक दुसरीकडे. साहेब फळ्यांवर उताणे होते, दोन्ही खांदे टेकलेले, आणि वर भैरू होता. वस्ताद धावत निघाले, पण मध्ये खुर्च्यांच्या बऱ्याच रांगा होत्या.

"सोड!" साहेब फळीवर हात आपटत ओरडले. "अरे, सोड! गादी दिली! केरबा, दोन दिल्या! सोडायला सांग ह्याला!" आणि पुन्हा धाडधाड हात आपटायला लागले.

भैरूने पकड आणखी घट्ट केली आणि त्यांना समजावून सांगितलं, "साहेब, तुमी कितीबी आपटा, उपयोग न्हाई. हात पंचांनी आपटायचा असतोय."