बिघडलेल्या डिस्कची प्रत

एकदा एका तालुक्याच्या गावी, नऊ खाटांच्या डायालिसिस केंद्रातला मुख्य संगणक सोमवारी सकाळी सुरू केला, तर त्याला एकाही रुग्णाचं नाव धड सांगता येईना. नावांच्या जागी चौकोन, तारखांच्या जागी प्रश्नचिन्हं. रविवारी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली, त्या धक्क्यात आतली डिस्क बिघडली होती.

डायालिसिस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ज्याचं मूत्रपिंड थकलं, त्याचं रक्त आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कोणतं औषध द्यायचं, हे प्रत्येकाचं निराळं, आणि तेही वरचेवर बदलणारं. पूर्वी हे सगळं कागदी फायलींत असे. सहा महिन्यांपूर्वी केंद्रानं फायली बंद केल्या आणि त्याचा हार-नारळासकट समारंभही केला. आपल्याकडे समारंभाला कारण लागतं कुठे!

संगणकाची जबाबदारी शर्वरीकडे होती. सव्वीस वर्षांची, अत्यंत हुशार मुलगी. बोटांना वेग असा, की बघणाऱ्याला धाप लागावी. दोष एकच, तिला थांबणं जमत नसे. संगणकाची विद्या तिला शिकवली होती केरूनानांनी. नाना सत्तरी उलटलेले, एका कारखान्याच्या संगणक विभागात जन्म घालवून निवृत्त झालेले. अडलं की शर्वरी त्यांना बोलावून घेई. त्या सकाळीही नाना आले, कोपऱ्यात छत्री ठेवली, चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी बसले.

"नाना, बॅकअप आहे," शर्वरी म्हणाली. मग आवाज खाली गेला. "पण मागच्याच्या मागच्या शनिवारचा. परवाचा राहिला. मावसबहिणीचं लग्न होतं."

"जेवलीस ना पोटभर? मग झालं तर. किती दिवस गेले?"

"नऊ. नऊ दिवसांचं जाईल, पण त्याआधीचं सगळं परत येईल. अर्ध्या तासाचं काम आहे."

तिनं रिस्टोअरची, म्हणजे राखून ठेवलेली जुनी प्रत परत चढवण्याची आज्ञा दिली. पडद्यावर प्रश्न आला: सध्याची सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे का? शर्वरीचं बोट 'हो'कडे निघालं, तोच नानांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. आधी बाजारातून एक कोरी डिस्क आणव. या बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढू. मग तुझा बॅकअप."

शर्वरीला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "अहो नाना, हिच्यात आहे काय? नुसते चौकोन! सडलेल्या भाजीची पाटी कुणी फडताळात जपून ठेवतं का?"

"आज ठेवू," नाना म्हणाले.

त्या प्रतीला चार तास लागणार होते. हे कळताच केंद्रप्रमुख डॉक्टर इनामदारबाई तरातरा आल्या. त्यांचा राग खोटा नव्हता. बाहेर बाकांवर माणसं सुजलेले पाय घेऊन बसली होती. "नाना, तुमचा मान राखते मी, पण हा काय हट्ट आहे? चांगलं हाताशी असताना तुम्ही बिघडलेल्याची आरती करत बसलाय!"

नाना उठून उभे राहिले. "बाई, ज्यांना दम लागतोय त्यांना आत घ्या, स्वतः उभ्या राहून वजन करा, स्वतः ठरवा. बाकीच्यांची मी हात जोडून क्षमा मागतो." आणि खरंच बाहेर जाऊन, प्रत्येक बाकासमोर उभं राहून त्यांनी क्षमा मागितली. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे. आपलं बरोबर आहे अशी खात्री असताना दुसऱ्याच्या खोळंब्याबद्दल हात जोडणारे किती जण तुम्ही पाहिलेत?

साडेबाराला प्रत पुरी झाली. नानांनी ती शर्वरीच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता दाब तुझं बटण." अर्ध्या तासात जुना बॅकअप चढला. चौकोन गेले, प्रश्नचिन्हं गेली. चोपन्न रुग्ण, प्रत्येकाचं नाव, वजन, औषध, सगळं रांगेत उभं राहिलं. सिस्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणले. शर्वरीचा चेहरा उजळला.

नानांनी पेढा कागदावर बाजूला ठेवला. "बाई, अजून यावर भरवसा ठेवू नका. मधले नऊ दिवस हुडकू द्या."

पण बाईंचा धीर सुटला होता, आणि त्यांना दोष देववत नाही. "नाना, आता एक मिनिटही नाही. सगळं स्वच्छ दिसतंय," असं म्हणून त्यांनी दुपारची पाळी सुरू केली.

नाना वाद घालत बसले नाहीत. त्यांनी बिघडलेली प्रत दुसऱ्या संगणकाला जोडली आणि शर्वरीला म्हणाले, "चल, पोरी. तुझी पाटी निवडू या."

दोघं निवडायला बसली. बरंचसं खरोखरच सडलेलं होतं. पण मध्येच एखादी ओळ शाबूत निघे. बुधवारचं कुणाचं वजन. शुक्रवारचा कुणाचा रक्तदाब. आता मात्र शर्वरीच्या बोटांचा वेग कामी आला. नाना सांगत, ती भराभर उपसत होती. वीसेक मिनिटांनी तिची बोटं एका ओळीवर थबकली. नोंद गुरुवारची, दर गुरुवारी शहरातून येणाऱ्या डॉक्टरांनी केलेली. रुग्णाचं नाव अर्धं उडालं होतं, पण खाट तीन आणि रुग्णक्रमांक स्पष्ट होता. 'पोटात रक्तस्राव. हेपरीन पूर्ण बंद. कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.'

यंत्राच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपरीन देतात. ते रक्त पातळ ठेवतं. ज्याच्या पोटात आधीच रक्त झिरपतंय त्याला ते दिलं, तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

शर्वरीनं तो क्रमांक नव्यानं चढवलेल्या यादीत पाहिला. हुसेन मुजावर. सोमवार, दुपार, खाट तीन. आणि पुढे, सुबक अक्षरांत: हेपरीन, नेहमीप्रमाणे.

ती खुर्ची उलटवून धावली. आत तिसऱ्या खाटेवर हुसेनचाचा झोपले होते. गावातली शिलाई मशीनं दुरुस्त करणारे, कधी कुणाला 'दुखतंय' असंसुद्धा न म्हणणारे. सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदाच या पाळीला आली होती. पडद्यावर लिहिलं होतं तेच ती करत होती. भरलेली सिरिंज तिच्या हातात होती, नळीपासून वीतभर अंतरावर.

"थांबा!" शर्वरी किंचाळली. "सिस्टर, ते देऊ नका! देऊ नका!"

सिस्टरचा हात जागच्या जागी राहिला. इनामदारबाई धावत आल्या, दुसऱ्या संगणकावर जाऊन गुरुवारची ओळ त्यांनी स्वतः वाचली. सिरिंज ट्रेमध्ये गेली. मग त्यांनी चाचांना विचारलं, "चाचा, गुरुवारी तुमचं हे औषध बंद केलं होतं, तुम्ही बोलला का नाहीत?"

चाचा ओशाळून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हा लोकांना माहीतच असेल. संगणकात लिहिलं होतं ना."

बाईंनी त्या क्षणी पाळी थांबवली. सापडलेली प्रत्येक ओळ यादीशी ताडून पाहिली, सापडलं नाही ते रुग्णाला विचारलं, आणि मगच यंत्रं पुन्हा सुरू झाली. चाचांचं डायालिसिस हेपरीनशिवाय, दर थोड्या वेळानं नळी धुऊन, बाईंनी स्वतः शेजारी बसून केलं.

शर्वरी नानांसमोर येऊन बसली. "नाना, सकाळी मी 'हो' दाबलं असतं तर ती ओळ जगात कुठेच उरली नसती."

"नसती," नाना म्हणाले. मग शांतपणे बोलू लागले. "तुझा बॅकअप खोटं बोलला नाही, हे ध्यानात ठेव. तो प्रामाणिकच आहे. पण तो त्या शनिवारी थांबलाय, त्याच्या लेखी आजही तोच शनिवार आहे. ही बिघडलेली डिस्क भ्रमिष्ट झाली होती खरी, पण कालपर्यंत आपल्यासोबत होती. तिनं जे पाहिलं ते त्या चांगल्या प्रतीनं पाहिलेलंच नाही. मागे जावं लागतं, पोरी. पुष्कळदा तोच एक मार्ग असतो. पण जिथून मागे फिरायचं, ती जागा पुसून फिरू नये. आणि मागचं हाती आलं की त्याला आधी मधल्या दिवसांची हकीकत सांगावी, मगच कामाला लावावं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मीच. कारखान्यात एकदा तुझ्यासारखंच बटण दाबलं होतं." नानांनी बाजूला ठेवलेला पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला. "काय गेलं ते विचारू नकोस. अजून सांगवत नाही."

संध्याकाळी हुसेनचाचा निघाले. दाराशी थबकून शर्वरीला म्हणाले, "बेटी, तू धावलीस म्हणून मी चालत घरी जातोय. घरचं शिलाई मशीन कधी बिघडलं, तर दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस."

नानांनी विचारलं, "चाचा, बिघडलेलं मशीन आलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता? लगेच खोलता?"

"छे छे! आधी बिघडलंय तसंच चालवतो. कुठे अडतं, काय आवाज करतं, नीट ऐकून घेतो. खोललं की तो आवाज गेलाच. मग कुणाला विचारणार?"

नाना शर्वरीकडे बघून फक्त हसले. तिनं बिघडलेल्या डिस्कची ती प्रत कापडात गुंडाळली, वर तारीख घातली, त्याखाली 'पुसू नये' असं लिहिलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चांगल्या बॅकअपच्या शेजारीच ठेवली.

घरात, नात्यात, मनात काही बिनसलं की आपणही म्हणतो, सगळं पूर्वीसारखं होऊ दे. अवश्य होऊ दे. फक्त त्याआधी, बिनसलेल्या दिवसांत कुणी आपल्याला काय सांगून ठेवलं होतं, तेवढं एकदा वाचून घ्यावं.