मागच्या वाढदिवसाचं पान

फार पूर्वीची गोष्ट. पळसाच्या रानाला लागून एक वाडी होती आणि त्या वाडीच्या अगदी टोकाला एक बाई पत्रावळी लावून पोट भरत असे. तिला एक लेक होती. मायलेकींना तिसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्याची त्यांना फारशी गरजही वाटत नव्हती.

लेकीचा दुसरा वाढदिवस आला. आईनं चुलीजवळ पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, नवं झबलं घातलं. पण पोरगी हट्टाला पेटली. तिला जुनंच झबलं हवं होतं, आणि ते तर डोक्यातून खाली उतरेना. रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईनं शेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर ते जुनं झबलं नीट पसरलं आणि म्हणाली, "ही बघ, ही मागच्या वर्षीची तू. तिलाही वाढूया का?"

पोरगी रडता रडता हसली. आईनं झबल्यापुढे एक पत्रावळ ठेवली आणि तिच्यावर घासभर शिरा वाढला. पत्रावळ घरचीच, आणि घासभर शिऱ्यानं कुणी भिकेला लागत नाही.

पुढच्या वर्षी आई ते विसरून गेली होती, पण लेक विसरली नव्हती. "आई, तिचं पान?" तिनं विचारलं. मग पुन्हा दुसरा पाट आला. मागच्या वर्षीच्या झबल्यासाठी तिसराही आला, कारण एकीला उठवून दुसरीला बसवणं काही लेकीला पटेना. घराच्या रीती अशाच पडतात. एकदा गंमत म्हणून केलेली गोष्ट दुसऱ्यांदा हौस म्हणून होते आणि तिसऱ्यांदा ती राहिली तर चुटपुट लागते. दर वाढदिवसाला पाटांची ओळ एकेकानं लांबत गेली.

एका वाढदिवसाला लेक आपलं जेवण उरकून खेळायला पळाली. भर दुपार होती आणि रानात एक पाखरू ओरडत नव्हतं. उष्टी काढायला आई वाकली आणि तशीच थांबली. पहिल्या पानावरच्या शिऱ्यात लहान बोटांची खूण होती. आणि ते जुनं झबलं आता पाटावर पसरलेलं नव्हतं. ते बसलेलं होतं.

आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तिनं मान वर करून पाहिलं, तर तेच गोबरे गाल, तीच गालावरची काजळाची तीट. "आ," असं म्हणून त्या चिमुरडीनं तोंड उघडलं. आईच्या हातानं आईला न विचारताच घास भरवला. मग घासामागून घास झाले, आणि सवयीनं शेवटी आईनं थोडा दहीभात भरवला. चिमुरडीनं तृप्त होऊन ढेकर दिला, आईकडे पाहिलं, आणि झबलं रिकामं होऊन पाटावर पडलं.

ते वर्षभर आईच्या डोळ्यांपुढून काही हललं नाही. तिच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली. दहीभात वाढला म्हणून पोर उठून गेली.

आपल्याकडे दहीभात झाला की जेवण संपतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि भरल्या पानावरून कुणाला उठवू नये, हेही ठाऊक असतं. आईनं या दोन गोष्टींची मोट बांधली. तिनं घरात दही लावणंच बंद केलं. पुढच्या वाढदिवसाला तिनं पानं वाढली, पाटांवरच्या कपड्यांत एकेक पोर येऊन बसली, आणि आई आग्रह करत राहिली. "अगं, एवढा घास. माझ्या गळ्याची शपथ आहे." पान रिकामं व्हायच्या आत ती पुन्हा वाढी. जेवण संपलं नाही. ते दुसऱ्या दिवशीही संपलं नाही आणि महिन्यानंही संपलं नाही. भिंतीला टेकून त्या पोरी बसून असत आणि सावकाश जेवत असत.

आईला दोष देणं सोपं आहे. पण खरी लेक आता वाढत्या वयाची झाली होती. वेणी घालायला बसत नव्हती, एकटीच रानात भटकत होती, विचारलं तर "काही नाही" म्हणत होती. आणि इथं भिंतीशी बसलेल्या पोरी आई दिसताच हात पसरत होत्या. कुणाला बरं वाटणार नाही?

एवढं मात्र झालं, की लेकीला शिवलेलं नवं पोलकं सैल होऊ लागलं. पुढच्या वर्षी मापानं लहान शिवलं, तर तेही सैल झालं. ती बोलली की शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटे. शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवरून ती चालत जाई आणि मागे पाऊल उमटत नसे. "वाढत्या वयात असं होतंच," असं म्हणून आई पानं वाढायला वळे.

त्या वर्षीचा वाढदिवस उजाडला. दुपारी वाडीतली गवळण हातात वाडगं घेऊन आली.

"पोरी, आज लेकीचा वाढदिवस ना? म्हटलं, गोड दही नेऊन द्यावं. तुझ्या घरात विरजणसुद्धा नसतं म्हणतात."

"नको मावशी, आमच्यात दही चालत नाही."

"चालत नाही? दह्यानं काय घोडं मारलंय तुझं? आणि एवढी पानं कुणाची वाढलीस, बाई? पाटांवर नुसते जुने कपडे दिसतायत." गवळणीनं इकडे तिकडे पाहिलं. "लेक कुठाय? बोलाव तिला. तिच्या हातावर दही घालते."

लेक तिच्या समोरच उभी होती, उंबऱ्यात, नवं पोलकं घालून. तिनं हात पुढे केला. "मावशी, ही काय मी!"

गवळण तिच्यातून पलीकडे अंगणाकडे बघत राहिली. मग तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. "कसला गार वारा येतोय गं तुझ्या दारातून, भर उन्हाचा!" वाडगं चुलीपाशी ठेवून ती घाईघाईनं निघाली. ज्या उंबऱ्यात लेक उभी होती, त्या उंबऱ्यातून ती सरळ चालत बाहेर गेली.



"आई," लेक म्हणाली, "मी कुठं बसू? मला पाट उरला नाही."

तेव्हा कुठं आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. लेकीच्या पोलक्याच्या आरपार तिला अंगणातली तुळस दिसली. इकडे भिंतीशी ओळीनं तोंडं उघडली होती. "आई, मला. आई, मला आधी." आणि दारातली काहीच मागत नव्हती. मागून मागून ती थकली होती.

आईनं वाडगं उचललं. भातात दही कालवलं.

ओळीतली सगळ्यात मोठी म्हणाली, "आई, दही नको गं. आम्ही काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलं, बाळांनो. केलं ते मी."

पोरी तिच्याच होत्या, वाढलेलं टाकायचं नाही हे शिकलेल्या. एकेकीनं दहीभात खाल्ला, आणि एकेक पोलकं पाटावर रिकामं होत गेलं. प्रत्येक पोलक्यागणिक लेकीच्या आरपार दिसणारी तुळस दिसेनाशी होत गेली. शेवटी सगळ्यात धाकटी राहिली. ती पान चिवडत होती आणि हसत होती. तिला आपल्या हातानं खाताच येत नव्हतं.

तिच्या पानावर वाढून तोंड फिरवायची सोय नव्हती. आईलाच भरवायचं होतं. तिनं घास बोटांनी मऊ केला आणि तो हातातच राहिला. तिला वाटलं, हिला एकटीला ठेवावं. एवढीशी तर आहे, हिच्यापायी लेकीचं असं कितीसं जाणार?

"आ," धाकटी म्हणाली.

आईनं दाराकडे पाहिलं. लेक तिथं मुकाट उभी होती, आणि तिचे पाय अजून जमिनीला टेकलेले नव्हते.

आईनं घास भरवला. पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता पदराखाली नुसतं झबलं उरलं. घर इतकं शांत झालं, की चुलीतला निखारा फुटलेला ऐकू आला.

मग पाट करकरला. लेक येऊन बसली होती. आईनं निरांजन लावलं, तिला ओवाळलं, आणि त्या उजेडात तिला लेकीच्या हनुवटीवर एक जुना व्रण दिसला.

"हे कधी लागलं गं?"

"मागच्या साली, करवंदं काढताना. तुला सांगितलं होतं मी."

"माझं लक्ष नव्हतं. आता सांग."

लेक सांगू लागली. करवंदांचं सांगितलं, रानातल्या झऱ्याचं सांगितलं, कुणाशी भांडली तेही सांगितलं. किती वर्षांचं साचलेलं होतं! आई वाढत होती आणि ऐकत होती. बऱ्याच वेळानं लेकीनं पत्रावळ पुढे सरकवली आणि म्हणाली, "पोट भरलं. आता दहीभात वाढ."

आईचा हात वाडग्यावर अडला. ही जेवून उठली की ही बारकी, कुरकुरणारी पोरही गेली, पुढच्या वर्षी दुसरीच कुणी या पाटावर बसणार. हे तिला कळलं, आणि फार दुखलं.

तिनं दहीभात वाढला.

लेक जेवली, उठली, हात धुऊन रानाकडे निघून गेली. आई रिकाम्या पत्रावळीसमोर बसून थोडा वेळ रडली. मग तिनं स्वतःसाठी पान वाढून घेतलं.

तात्पर्य: कालच्या लेकरात जीव अडकला, की आजचं लेकरू दारात उपाशी उभं राहतं.