अग्नीपुढे वडिलांचे नाव

हेरेरो लोकांत गुरांचा वारसा आईच्या कुळाने चालतो आणि पवित्र अग्नीचा पित्याच्या. म्हणून प्रमुख वारल्यावर त्याची गुरे कावेझेरी या भाच्याकडे गेली. अग्नीजवळचे आसन मात्र मुलाचे होते. कावेझेरी त्यावरही जाऊन बसला.

"मामाच्या पोरी, बाजूला हो. गुरे माझी, तर आसनही माझेच!"

अग्नी राखणाऱ्या प्रमुखाच्या मुलीला, उआझुवाला, भावाचा हक्क जाताना दिसत होता. ती सभेसमोर कावेझेरीला म्हणाली,

"बस, दादा. फक्त रीतीप्रमाणे पूर्वजांना हाक मार. सुरुवात स्वतःच्या वडिलांच्या नावाने कर."

वडिलांचे नाव घ्यावे, तर कावेझेरी दुसऱ्या अग्नीचा ठरत होता. मामाचे घ्यावे, तर भरसभेत बाप नाकारला जात होता.

तो आसनावरून उठला. उआझुवाने निखारे सारखे केले आणि भावाला जवळ बोलावले.